ग्रुप फोटोत कडेला कोण उभं आहे?

आजचा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलण्यातले काही शब्द तसेच राहिलेत, सांभाळून घ्या.

विषय एकदम घरगुती आहे. अख्ख्या खानदानाचा ग्रुप फोटो. तुम्ही म्हणाल, यात काय शिकायचं? सगळ्यांना उभं करायचं, 'स्माइल' म्हणायचं आणि बटण दाबायचं. मलाही तसंच वाटायचं. मी बीटेक केलंय, मिहानमध्ये सॉफ्टवेअरचं काम करते, घरात वायफायपासून मिक्सरपर्यंत काहीही बिघडलं की हाक मलाच येते. त्यामुळे फोटो काढायचं काम पण माझंच. आणि याच कामात मी एक चूक केली, जी आता दुरुस्त होणार नाही. ती आधी सांगते, मग ती का झाली ते सांगते, आणि मग आता आम्ही कसं करतो ते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महालक्ष्म्या आमच्याकडे मोठ्या बाबांच्या घरी बसतात, महालमध्ये. विदर्भातल्या लोकांना माहीतच आहे, महालक्ष्म्या म्हणजे सगळं कुटुंब एका छताखाली यायचा वर्षातला एकच दिवस. रात्रीची आरती झाली, पुरणपोळ्या झाल्या आणि कोणीतरी म्हणालं, "अरे, फोटो काढा बाप्पा, नाहीतर निघतील सारे." बैठकीची खोली लहान, माणसं तेवीस, आणि चोविसावी मी, फोन धरून. सगळे फ्रेममध्ये मावेनात. मग मी काय केलं? झूमचं बटण ०.५ वर टाकलं. झटक्यात सगळे मावले. मी खूश.

आजोबांना मी मध्ये बोलावलं होतं. ते म्हणाले, "मले नको मध्ये उभं करू. पोरं येऊ दे समोर." आणि ते डाव्या कडेला जाऊन उभे राहिले. फोटो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. पुढच्या महिन्यात फोनमध्ये जागा संपली म्हणून मी गॅलरी साफ केली. ग्रुपवर आहे ना, असं म्हणून मूळ फोटो उडवला.

जानेवारीत आजोबा गेले. तेरवीच्या आधी फ्रेम करायला फोटो हवा होता. त्यांना फोटोची आवड नव्हती, त्यामुळे शेवटच्या चार-पाच वर्षांतला तो एकच. मी दुकानात घेऊन गेले. दुकानातल्या दादांनी कॉम्प्युटरवर आजोबांचा चेहरा मोठा केला, थोडा वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, यात चेहराच नाही उरला. मी काढू कुठून?" चेहरा आडवा ताणलेला, डोळ्यांच्या जागी ठिपके. शेवटी पेन्शनच्या कागदांतला पासपोर्ट साइज फोटो मोठा करून लावला, वीसेक वर्षं जुना. आजीने तो पाहिला आणि म्हणाली, "हे तुझे आजोबा नाही. हा तर पेन्शन ऑफिसात रांगेत उभा राह्यलेला माणूस आहे."

तर आजच्या एपिसोडचं म्हणणं एका वाक्यात सांगते. ग्रुप फोटो हा एक फोटो नसतो, त्यात जितकी माणसं तितके फोटो असतात. त्यातला प्रत्येक चेहरा उद्या वेगळा कापून घ्यावा लागेल असं समजून तो काढायचा. आता एकेक कारण बघू.

पहिलं, ते ०.५ काय करतं?

संत्र्याची अर्धी साल घ्या. नागपूरकरांना संत्री कुठून आणू हा प्रश्नच नाही. ती साल टेबलावर सपाट दाबा. मधला भाग नीट बसतो, पण कडा फाटतात, कारण गोल गोष्ट सपाट करायची तर कडेला जास्त जागा लागते. कॅमेऱ्याचंही तसंच. जेवढं जास्त रुंद दृश्य सपाट फोटोत बसवायचं, तेवढ्या कडा ताणाव्या लागतात. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्सचं गणित असं की मधल्या रेषेपासून ४५ अंशांवर असलेलं डोकं उंचीच्या मानाने जवळपास १.४ पट रुंद दिसतं. ०.५ च्या लेन्समध्ये कडेचा माणूस साधारण तिथेच येतो. १ एक्सवर मागे जाऊन काढलं तर कडेचा माणूस २५ अंशांच्या आसपास येतो आणि ताण दहा टक्क्यांवर येतो, जो डोळ्याला कळतही नाही. काही नवे फोन कडेचे चेहरे सॉफ्टवेअरने सरळ करतात, पण त्यावर विसंबू नका.

म्हणून नियम सोपा: माणसं मावत नसतील तर लेन्स बदलू नका, खोली बदला. बैठकीतून अंगणात, गच्चीवर, नाहीतर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चला.

किती मागे जायचं? ९ माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की साधारण साडेचार मीटर होतात. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा धरून सहा मीटर. १ एक्सच्या लेन्ससाठी तुम्हाला साडेचार मीटर मागे जावं लागेल, म्हणजे सहा-सात मोठी पावलं. एवढी जागा असेल तर काम झालं.

आणि सेल्फी? तेवीस माणसांची सेल्फी काढूच नका. हात लांब करून फोन ५० सेंटीमीटरवर असतो आणि मागचा माणूस दोन मीटरवर. म्हणजे तुमचा चेहरा त्याच्यापेक्षा चौपट मोठा. फोटोत तुम्ही आणि तुमच्या मागे गर्दी.

दुसरं, माणसं कशी लावायची?

एका रांगेत तेवीस माणसं उभी केली की फोटोत फक्त भिंत आणि बुटकी माणसं दिसतात. तीन रांगा करा. आम्ही आता असं करतो: पुढे सतरंजीवर ६ पोरं, मध्ये खुर्च्यांवर ८ जण, मागे ९ जण उभे. मागच्याने पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून बघायचं. साधी कसोटी: "तुला फोनची लेन्स दिसते का?" लेन्स दिसत असेल तर लेन्सलाही तो दिसतो. घराला पायऱ्या असतील तर त्याहून चांगलं काही नाही.

रांग अगदी सरळ नको, चंद्रकोरीसारखी थोडी वाकवा. कडेची माणसं अर्धं पाऊल पुढे आणि अंग जरा मध्याकडे वळवलेलं. त्यामुळे सगळे चेहरे फोनपासून जवळपास सारख्या अंतरावर येतात.

आणि मध्ये कोण? घरातली सगळ्यात वयस्कर माणसं. ती नाही म्हणतील. आमचे आजोबा म्हणाले तसं "पोरं येऊ दे समोर" म्हणतील. ऐकू नका. खुर्ची आधी ठेवा, हात धरून बसवा, मग बाकीच्यांना त्यांच्याभोवती लावा. कडेला तरुण मंडळी. त्यांचे फोटो हजारो आहेत, एखाद्यात गाल रुंद आले तर काही बिघडत नाही.

तिसरं, उजेड.

आपल्याकडे उन्हाची कमी नाही, पण दुपारचं ऊन फोटोचा शत्रू आहे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, २६ मेच्या सुमाराला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे काठीची सावली नाही, पण भुवयांची सावली पूर्ण डोळ्यांत. सगळ्यांच्या डोळ्यांत खड्डे आणि कपाळावर चकाकी. लग्नात दुपारी लॉनवर काढलेले फोटो आठवा.

घराची सावली अंगणात जिथे पडते, तिथे उभे राहा. वर आकाश मोकळं हवं. कडुनिंबाखाली नको, कारण पानांतून येणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडतात. सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास बेस्ट. नागपुरात सप्टेंबरच्या मध्याला सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास असतो, मेअखेर पावणेसातला, आणि नोव्हेंबर संपताना साडेपाचला. त्याप्रमाणे जेवणाची वेळ नाही, फोटोची वेळ ठरवा. भाद्रपदात ढग असतील तर अजून छान. ढगाळ आकाश म्हणजे फुकटातला भलामोठा मऊ दिवा.

रात्री ट्यूबलाइटमध्ये काय होतं? उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा शटर जास्त वेळ उघडा राहतो, सेकंदाचा पंधरावा भाग वगैरे. तेवढ्यात पोरगं हललं की त्याचा चेहरा पुसला गेला. संध्याकाळच्या सावलीत तेच काम सेकंदाच्या अडीचशेव्या भागात किंवा त्याहून लवकर होतं.

आता आमची मोठी आई म्हणाली, "फोटो महालक्ष्म्यांसमोरच पाह्यजे." बरोबर आहे, सण त्यांचा आहे. तर दोन फोटो काढा. मखराच्या माळा मागे लुकलुकत असल्या की फोन त्या उजेडाला बघून चेहरे काळे करतो. म्हणून स्क्रीनवर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. माळांचा प्रकाश फुटला तर फुटू दे.

चौथं, डोळे मिटणं.

हा माझा आवडता भाग, कारण यात गणित आहे. समजा एक माणूस मिनिटाला १५ वेळा पापण्या मिटतो आणि प्रत्येक वेळी डोळे पाव सेकंद मिटलेले राहतात. म्हणजे कुठल्याही क्षणी त्याचे डोळे उघडे असण्याची शक्यता सोळात पंधरा. एकट्यासाठी हे मस्त. पण तेवीस जणांचे डोळे एकाच क्षणी उघडे हवेत, तर १५/१६ ला स्वतःने तेवीस वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे २३ टक्के. म्हणजे चार-पाच फोटोंत एकच नीट येणार. एकच फोटो काढून फोन खिशात टाकणारा माणूस जुगार खेळतोय.

बारा फोटो काढले तर? एक तरी नीट येण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. पण बर्स्ट मोडवर बोट दाबून बारा फोटो सलग काढू नका. ते सगळे एका सेकंदात निघतात आणि मिटलेले डोळे तीन-चार फोटोंत तसेच मिटलेले राहतात. दर फोटोमध्ये सेकंदभर जाऊ द्या.

हे मी एकटीच करत नाही बरं का. ऑस्ट्रेलियात निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी हेच गणित मांडलं आणि २००६ मध्ये त्यांना गणितासाठी इग नोबेल मिळालं. हे इग नोबेल आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. त्यांचा नियम: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी असताना २ ने. तेवढे फोटो काढा. बारा जणांचं घर असेल तर अंगणात ४, रात्री हॉलमध्ये ६. वीसच्या वर गेलात तर हात जरा सैल सोडा.

काही फोनमध्ये आता एका फोटोतला चेहरा उचलून दुसऱ्यात बसवता येतो. पिक्सेल ८ मध्ये २०२३ ला ही सोय आली. वापरा, पण त्यासाठीही चार-पाच फोटो हातात लागतातच.

पाचवं, फोटो काढणाऱ्याचं काय?

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो जो कुठल्याच फोटोत नाही. आमच्याकडे ती मी होते. उपाय साधा आहे. फोन स्टँडवर, नाहीतर स्टुलावर डब्याला टेकवून ठेवा, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, वर-खाली न कलता. दहा सेकंदांचा टायमर लावा. पन्नास-शंभर रुपयांचं ब्लूटूथ बटण नसेल तर शेजारच्या काकूंना बोलवा. काकूंना सांगायचं एवढंच: "काकू, फोन हलवू नका, मी 'झालं' म्हणेपर्यंत दर सेकंदाला बटण दाबत राहा."

दाबायच्या आधी चार गोष्टी बघा. लेन्स ओढणीने पुसा, पुरणपोळीचं तूप बोटांवरून तिथेच जातं आणि मग फोटोवर धुकं येतं. पोर्ट्रेट मोड बंद, नाहीतर फोन पुढच्या रांगेला धरतो आणि मागचे काका पार्श्वभूमी समजून धूसर करतो. ब्युटी फिल्टर बंद, आजीच्या सुरकुत्या पुसायला तुम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि फोनमध्ये ५० मेगापिक्सेलचा पर्याय असेल तर उजेडात तो चालू करा.

सहावं, फोटो कसा जपायचा?

इथे माझी खरी चूक होती. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो १६०० च्या आसपास येतो. माझ्या त्या फोटोत आजोबांचा चेहरा जेमतेम ४० पिक्सेल रुंद उरला होता. भिंतीवरच्या ८ बाय १० इंची फ्रेमसाठी, ३०० डीपीआय धरून, चेहरा हजारेक पिक्सेल तरी हवा. दुकानातले दादा बरोबर म्हणाले होते, तिथे चेहरा नव्हताच.

म्हणून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो आकुंचन पावत नाही. दोन ठिकाणी ठेवा, एक क्लाउडवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर. आणि एक प्रिंट काढाच.

पण खरं सांगायचं तर सगळं नीट केलं, तरी तेवीस जणांच्या बारा मेगापिक्सेलच्या फोटोत एका चेहऱ्याला शंभरेक पिक्सेलच मिळतात, ५० मेगापिक्सेलला दोनशे. छोट्या प्रिंटला पुरतं, फ्रेमला नाही. म्हणून ग्रुप फोटो झाल्यावर लगेच पांगू नका. सगळे तयार आहेत, उजेड आहे, साड्या नीट आहेत. दोन मिनिटं थांबवा, आजी-आजोबांना त्याच खुर्चीवर ठेवा, २ एक्सवर जा आणि एकेकाचा जवळून फोटो घ्या. "कशाले पाह्यजे?" विचारलं तर म्हणा, "मला वॉलपेपरला लावायचाय."

शेवटची गोष्ट, आणि ही कॅमेऱ्याची नाही.

दीक्षाभूमीच्या या शहरात बाबासाहेबांचे फोटो आपण लहानपणापासून बघतो. त्यातला एक घरगुती आहे. फेब्रुवारी १९३४, मुंबईतलं राजगृह. डावीकडून मुलगा यशवंत, स्वतः बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. सोबत त्यांचा लाडका कुत्रा टॉबी. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ ला, रमाबाई गेल्या. नव्वद वर्षांनंतर तो फोटो बघताना आपल्याला प्रत्येकाचं नातं कळतं, कुत्र्याचंसुद्धा नाव कळतं, कारण ती नावं कुणीतरी फोटोसोबत जपली. आता तुमच्या घरातला जुना अल्बम काढा. किती चेहरे ओळखता येतात? आमच्याकडे १९६० च्या आसपासचा एक फोटो आहे, चौदा माणसं. त्यातली नऊ आजीला माहीत आहेत. आजीनंतर ती नऊही जातील.

म्हणून प्रिंटच्या मागे पेन्सिलने डावीकडून नावं, तारीख आणि ठिकाण लिहा. फोनमधल्या फोटोला कॅप्शनमध्ये लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

गेल्या महालक्ष्म्यांना आम्ही हे सगळं केलं. पावणेसहाला सगळ्यांना अंगणात काढलं. काका वैतागले, "काहून एवढं नाटक करून राहिली बे?" शेजारच्या काकूंनी चौदा फोटो काढले, त्यातले तीन नीट आले. फोटोत तेवीस जण आहेत. आकडा जुन्या फोटोइतकाच, कारण आजोबा नाहीत आणि मी आहे. आजी मधोमध बसली आहे. नंतर तिचा एकटीचा फोटो घेतला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या फ्रेमसाठी काढून राहिली ना? मग पदर तर नीट करू दे." मी काही बोलले नाही. तिने पदर नीट केला आणि सरळ लेन्समध्ये बघितलं.

तो फोटो आत्ताच फ्रेम करून तिच्या खोलीत लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती स्वतःच दाखवते.

या रविवारी घरी जाणार असाल तर पाच वाजता खुर्च्या अंगणात काढा. आणि हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका, म्हणजे काकांना आधीच कळेल की नाटक होणार आहे. भेटू पुढच्या भागात.